मुंबई–नागपूर हायस्पीड रेल्वे खान्देशातून नेण्यात नेमकं काय अडतं? निवेदनासाठी नेमकी माहिती हवी

तितूरकाठ (चाळीसगाव)

राम राम मंडळी. मुंबई–नागपूर हायस्पीड मार्गाचा प्रस्तावित आराखडा नाशिक, शिर्डी, छत्रपती संभाजीनगर, जालना, मेहकर, कारंजा लाड, पुलगाव, वर्धा असा आहे. म्हणजे बराचसा समृद्धी महामार्गाला धरून. जुना लोहमार्ग मात्र मनमाड, चाळीसगाव, जळगाव, भुसावळ, अकोला, बडनेरा असा जातो आणि दीडशे वर्षांपासून मुंबई–नागपूरची सगळी वाहतूक त्याच्यावरून चालते. आमच्याकडे काही संघटना मिळून निवेदन देणार आहेत की हा मार्ग खान्देशातून न्या. मसुदा माझ्याकडे आलाय, पण त्यात "खान्देशावर अन्याय" या शब्दापलीकडे फार काही नाही.

विचारायचं ते असं. भूगोल आडवा येतो का? डोंगर, काळी माती, तापी–गिरणेचे पूर? की कारण पैशाचं आहे? आणि जळगावला स्टेशन मागायचं की भुसावळला, यावर आताच दोन तट पडलेत. ज्यांनी अलाइनमेंट (मार्गाची आखणी), जमीन, गाड्यांचं परिचालन यांत काम केलंय त्यांनी आकड्यांत सांगावं. राजकारण नको, ते आमच्याकडे भरपूर आहे.

त्रिज्या६०००

भूगोलापासून सुरू करतो, कारण तिथे उत्तर सरळ आहे: भूगोल आडवा येत नाही. उलट खान्देश–वऱ्हाड हा पट्टा रेल्वेसाठी महाराष्ट्रातल्या सोप्या पट्ट्यांपैकी आहे. म्हणूनच जुन्या लोकांनी तिथून रूळ टाकले.

हायस्पीड मार्गाची आखणी चढापेक्षा वळणांवर अडते. सूत्र साधं आहे. स्टँडर्ड गेजवर (दोन रुळांत १४३५ मिमी अंतर) वळणात लागणारा एकूण कॅंट मिलिमीटरमध्ये = ११.८ × वेगाचा वर्ग ÷ त्रिज्या. वेग ताशी किमीत, त्रिज्या मीटरमध्ये. कॅंट म्हणजे वळणावर बाहेरचा रूळ जितका उचलतात तितका. आता ३५० चा आराखडा वेग आणि ६,००० मीटर त्रिज्या घाला: सुमारे २४१ मिमी येतात. त्यातले १८० मिमी प्रत्यक्ष रूळ उचलून मिळतात, उरलेले साठेक मिमी 'तूट' म्हणून सोडता येतात, प्रवाशाला ते जाणवत नाहीत. तीच त्रिज्या ४,००० केली तर ३६० मिमी लागतील, ते शक्य नाही. मुंबई–अहमदाबाद मार्गावर सर्वसाधारण किमान त्रिज्या ६,००० मीटर धरली आहे ती यामुळे. इतक्या त्रिज्येच्या वळणाला गाव चुकवून पलीकडे जायचं तर त्याची तयारी पाच-सात किलोमीटर आधीपासून करावी लागते. एखाद्या मंदिरासाठी किंवा विहिरीसाठी "थोडं सरकवा" ही मागणी जागेवर मान्य होत नाही, त्याचं कारण हेच. पन्नास मीटर सरकवायचं तर मागचे-पुढचे काही किलोमीटर हलतात आणि तिथे दुसऱ्यांच्या विहिरी असतात.

चढाचं म्हणाल तर हायस्पीड गाडीचे बरेच डबे स्वतः ओढणारे असतात, त्यामुळे हजारी २५ मीटरचा चढ (४० मीटरला १) ती चढते. फ्रान्सच्या पॅरिस–लियाँ मार्गावर ३५ पर्यंत, जर्मनीत कोलोन–फ्रँकफर्टला ४० पर्यंत चढ आहेत. कसारा घाटात जुन्या मार्गाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे २७. चढ जवळपास तितकाच. मग हायस्पीड मार्ग त्याच घाटातून का नाही जात? वळणांमुळे. कसारा ते इगतपुरी ही सुमारे ३०० मीटरची उंची हायस्पीडला बोगद्यातून, हजारी २५ ने किमान १२ किमीत आणि १५ ने २० किमीत चढावी लागेल. पण हा खर्च नाशिकला जाणाऱ्या कुठल्याही मार्गाला आहेच. खान्देश असो की मराठवाडा, नाशिकपर्यंत दोन्हींचा हिशेब एकच.

मनमाडपासून पुढे फरक पडतो. मनमाड समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटरवर, चाळीसगाव साधारण ३४५ वर, जळगाव–भुसावळ २१० च्या आसपास. मनमाड ते चाळीसगाव ६७ किमीत २३५ मीटर उतार म्हणजे सरासरी हजारी साडेतीन. काहीच नाही. चाळीसगावपासून पुढे अकोल्यापर्यंत तर गाडीला चढ जाणवणारही नाही. नागपूरला जाताना तापी ओलांडावी लागत नाही, ती उत्तरेला राहते. तितूर, वाघूर अशा नद्यांवर पूल लागतील, त्यात अवघड काही नाही.

काळी माती हा मुद्दा मात्र खरा आहे, पण तो खर्चात मोजायचा. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. मुंबई–अहमदाबादसारख्या नव्या हायस्पीड मार्गांवर खडीऐवजी काँक्रीटच्या स्लॅबवर रूळ असतात आणि स्लॅब टाकल्यावर भराव किती खचू द्यायचा याची मर्यादा फार कडक असते. चीनमध्ये ती १५ मिमी आहे. तापी खोऱ्यात गाळाचे थर जाड आहेत. तिथे भराव घालून १५ मिमीची हमी देण्यापेक्षा पाईल (जमिनीत खोल उतरवलेला काँक्रीटचा पाया) खाली नेऊन त्यावर खांब उभे करणं परवडतं. म्हणून जवळपास सगळा मार्ग खांबांवर जाईल. मुंबई–अहमदाबादला ४० मीटरचे अखंड गर्डर वापरलेत, एकेकाचं वजन ९७० टनांपर्यंत. ४० मीटरला एक खांब म्हणजे किलोमीटरला २५. चाळीसगाव ते भुसावळ साधारण ११७ किमी धरा: सुमारे २,९०० खांब, आणि प्रत्येकाखाली पाईलचा गट.

तेव्हा निवेदनात "तांत्रिकदृष्ट्या शक्य" हे बिनधास्त लिहा. पण ज्याला पटवायचंय त्याला ते आधीच ठाऊक आहे. शक्य नाही म्हणून मार्ग तिकडे गेलेला नाही.

अप_डाऊन

वरच्या प्रतिसादाला जोडून पुढचा भाग. मार्ग ठरतो तो प्रवासी, जमीन आणि लांबी यांवर. प्रवाशांच्या बाबतीत खान्देशाची बाजू लोकांना वाटते तितकी लंगडी नाही.

२०११ च्या जनगणनेतली शहरांची लोकसंख्या घ्या. संभाजीनगर ११.७५ लाख, जालना २.८५ लाख. दोन्ही मिळून १४.६ लाख, वर शिर्डीचे भाविक. खान्देश–वऱ्हाडच्या बाजूला जळगाव ४.६, भुसावळ १.८७, अकोला ४.२५, अमरावती ६.४७ लाख. बेरीज १७.२ लाख. धुळे (३.७५) यात धरलेलं नाही. म्हणजे माणसं इकडे जास्त आहेत.

पण ती पसरलेली आहेत आणि हायस्पीडला पसरलेली माणसं महाग पडतात. प्रत्येक थांबा म्हणजे वेग कमी करणं, उभं राहणं, पुन्हा वेग घेणं. मुंबई–अहमदाबाद मार्गावर मोजके थांबे घेणारी गाडी २ तास ७ मिनिटांत आणि सगळी बारा स्टेशनं घेणारी २ तास ५८ मिनिटांत धरली आहे. फरक ५१ मिनिटांचा, म्हणजे दर थांब्याला साधारण सहा मिनिटं. संभाजीनगरला एक थांबा घेऊन बारा लाखांचं शहर मिळतं. इकडे तेवढ्यासाठी तीन थांबे लागतात.

दुसरं म्हणजे तिकडच्या प्रवाशाला पर्याय वाईट आहे. संभाजीनगरचा माणूस रेल्वेने मुंबईला जातो तो आधी मनमाडला वर येऊन. जळगाव–भुसावळचा माणूस सरळ मुख्य मार्गावर बसलाय, दिवसरात्र गाड्या आहेत. नव्या मार्गाने ज्याचा वेळ जास्त वाचतो त्याच्याकडून भाडंही जास्त मिळतं. मुंबई–अहमदाबादसाठी सुरुवातीच्या अभ्यासात एसी फर्स्टच्या दीडपटीच्या आसपास भाडं गृहीत होतं, हे लक्षात ठेवा. मागणीचा अंदाज बांधणारे लोकसंख्येवर थांबत नाहीत. लोकांना विचारतात की दोन तास वाचवायला किती रुपये जास्त द्याल.

तिसरं लांबी. आजचा रेल्वेमार्ग मुंबई–नागपूर ८३७ किमी आहे, प्रस्तावित हायस्पीड सुमारे साडेसातशे. खान्देशातून वळणं सरळ करत नेला तरी समजा ५० किमी वाढले. मुंबई–अहमदाबादचा मूळ अंदाज १.०८ लाख कोटी रुपये ५०८ किमीसाठी, म्हणजे किलोमीटरला सुमारे २१३ कोटी, तेही जुन्या भावाने. ५० किमी वाढले की दहा हजार कोटींवर जातात आणि नागपूरच्या प्रत्येक प्रवाशाची दहा मिनिटं जास्त जातात. कायमची.

एक मुद्दा मात्र तुमच्या बाजूने भक्कम होता. जगात पहिले हायस्पीड मार्ग वेगाच्या हौसेने झाले नाहीत. जपानचा तोकाइदो शिन्कान्सेन १९६४ मध्ये झाला तो जुना तोकाइदो मार्ग गाड्यांनी तुंबला म्हणून. पॅरिस–लियाँ १९८१ मध्ये, कारण तेच. भुसावळचा मार्गही तुंबलेला आहे: मुंबईहून येणारी आणि सुरतहून येणारी वाहतूक जळगाव–भुसावळला एकत्र येते आणि भुसावळहून खंडवा–इटारसी आणि नागपूर अशी पुन्हा फुटते. "जुना मार्ग भरलाय म्हणून नवा इकडून" हा खरा युक्तिवाद. पण त्याची हवा नोव्हेंबर २०२४ मध्ये गेली. केंद्राने जळगाव–मनमाड चौथी मार्गिका (१६० किमी, सुमारे २,७७३ कोटी) आणि भुसावळ–खंडवा तिसरी-चौथी मार्गिका (१३१ किमी, सुमारे ३,५१४ कोटी) मंजूर केली. जळगाव–मनमाडला किलोमीटरला १७ कोटी पडतात. दिल्लीतला अधिकारी विचारणार की १७ कोटींत कोंडी सुटत असताना २१३ कोटी कशाला? याचं उत्तर तुमच्या मसुद्यात नसेल तर निवेदन फाइलला लागेल.

जळगाव की भुसावळ यावर भांडू नका. दोन्हींत २४ किमी अंतर आहे, दोन्हीकडे गाडी थांबणार नाही. झालंच तर नशिराबादच्या आसपास एक स्टेशन होईल आणि दोन्ही गावं नाराज होतील. दीपनगरचं वीज केंद्र शेजारी आहे म्हणून वीज स्वस्त पडेल, असंही कुणी मसुद्यात घुसवलं असेल तर काढा. गाडीला वीज ग्रिडमधून येते, शेजाऱ्याकडून नाही.

तितूरकाठ (चाळीसगाव)

दीपनगरचा परिच्छेद खरंच होता हो, काढला. पण १७ विरुद्ध २१३ वाचून मसुदा करणाऱ्यांचे चेहरे उतरले. मंग आते निवेदनमा काय लिखानं? आणि जमिनीचं कुणी सांगा. आमच्याकडच्या शेतकऱ्यांना वाटतंय की समृद्धीसारखे पैसे मिळतील, म्हणून अर्धी गावं पाठिंबा देताहेत.

गटनंबर

समृद्धीशी तुलना करणाऱ्यांनी आधी रुंदी पाहावी. समृद्धीसाठी १२० मीटरचा पट्टा घेतला, म्हणजे किलोमीटरला १२ हेक्टर. मुंबई–अहमदाबादला खांबांवरच्या मार्गासाठी १७.५ मीटर, म्हणजे किलोमीटरला १.७५ हेक्टर, सव्वाचार एकरांच्या आसपास. स्टेशनं, डेपो, सबस्टेशन धरून त्या मार्गाला एकूण सुमारे १,३९० हेक्टर लागले, सरासरी किलोमीटरला पावणेतीन. त्यामुळे बहुतेकांचं पूर्ण शेत जात नाही, मधून साडेसतरा मीटरची पट्टी जाते. पैसे त्या पट्टीचे. उरलेले दोन तुकडे तुमचेच, आणि एकाची विहीर दुसऱ्या तुकड्यात.

दर २०१३ च्या भूसंपादन कायद्याने ठरतो. रेडी रेकनर आणि जवळपासच्या मागच्या तीन वर्षांतल्या खरेदीखतांपैकी जास्त दराच्या अर्ध्या खतांची सरासरी, यांत जो जास्त तो बाजारभाव. ग्रामीण भागात त्याला १ ते २ चा गुणक, तो राज्य ठरवतं. त्यावर तेवढीच दिलासा रक्कम. शिवाय बाजारभावावर वर्षाला १२ टक्के, सामाजिक परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत किंवा ताब्यापर्यंत, यांतलं जे आधी असेल तोपर्यंत. उदाहरणाला बाजारभाव हेक्टरी २० लाख आणि गुणक २ धरला तर ४० अधिक ४०, म्हणजे ८० लाख, आणि वर ते १२ टक्के. यात गोम कुठे आहे? खरेदीखतात. मुद्रांक वाचवायला ज्या गावात वर्षानुवर्षं खतं निम्म्या किमतीची लिहिली, त्या गावाची सरासरीही निम्मीच निघते. अधिसूचना निघाल्यावर चढ्या भावाची खतं करून काही होत नाही, प्राथमिक अधिसूचनेनंतर व्यवहारच गोठतात.

केळीच्या पट्ट्यात घोळ वेगळा होतो. शेतात केळी उभी, आणि ई-पीक पाहणीत मागच्या वर्षीचा कापूस. मूल्यांकन करणारा कागद पाहतो. पाहणी वेळेत आणि फोटोसह करा, ठिबकची बिलं जपा. विहीर आणि बोअर सातबाऱ्यावर नोंदलेले आहेत का ते आजच बघा, नसतील तर तलाठ्याकडे अर्ज द्या. सर्वांत जास्त नुकसान जमिनीखालच्या पाइपलाइनचं होतं. गिरणा किंवा तापीवरून तीन-चार किलोमीटर आणलेली उपसा पाइपलाइन दुसऱ्यांच्या गटांतून येते, ती बहुधा कुठल्याच उताऱ्यावर नसते. संयुक्त मोजणीच्या दिवशी ती खुणा करून दाखवली नाही आणि पंचनाम्यात आली नाही, तर पाईल खोदताना फुटल्यावरच ती सापडते. तोवर निवाडा झालेला असतो. मोजणीला घरातलं जाणतं माणूस हजर हवं, पोराला सही करायला पाठवून भागत नाही.

रक्कम पटली नाही तर हरकत राखून उचला. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर सहा आठवड्यांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज देऊन प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवायला सांगता येतं. ही मुदत चुकली तर उशिराचं सबळ कारण दाखवावं लागतं, म्हणून ती चुकवू नका. नंदुरबारसारख्या अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेचा भाग वेगळा आहे, तिथे हे सगळं जसंच्या तसं लावू नका.

तापीखोरं

नंदुरबारकडून एक सांगतो. आमच्या पश्चिम खान्देशाला सर्वांत जवळचं हायस्पीड स्टेशन नागपूरच्या मार्गावर होणारच नाही, ते सुरतला बांधून होतंय. सुरतचं हायस्पीड स्टेशन जुन्या स्टेशनाजवळ नाही, अंत्रोलीला आहे. आपल्या उधना–जळगाव मार्गावरचं चलथाण तिथून साधारण पाच किमीवर. हा ३०७ किमीचा मार्ग पूर्ण दुहेरी आहे. नंदुरबार ते चलथाण दीडशे किलोमीटरच्या आत. सव्वादोन तास धरा, बदलायला अर्धा-पाऊण तास, पुढे मुंबईतल्या बीकेसी (वांद्रे–कुर्ला संकुल) स्टेशनापर्यंत सुमारे २६५ किमी म्हणजे तासाभरात. चार तासांत मुंबई. आजच्या मानाने हा मोठा फरक आहे. बडोदा, अहमदाबादला तर आणखी सोयीचं.

हे फायद्याचं कुणाला? नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, ओढूनताणून अमळनेर. जळगावकराने या वाटेने जाऊ नये, चलथाणलाच चार तास जातील.

मागणी म्हणून दोनच गोष्टी: चलथाणला एक्स्प्रेस थांबे आणि तिथून अंत्रोलीपर्यंत गाडीच्या वेळेला धरून बस. खर्च जवळपास नाही. पण आत्ता मागितलं नाही तर पुढची वेळापत्रकं उधनापुरती बसवली जातील. एक गैरसमजही दूर करतो: हायस्पीड गाडी पुढे आपल्या रुळावर नंदुरबारपर्यंत आणा, असं मागू नका. तिकडे १४३५ मिमी, इकडे १६७६. स्पेनमध्ये रुंद गेज असताना १९९२ चा माद्रिद–सेव्हिया मार्ग स्टँडर्ड गेजचा केला, आणि दोन्हींवर चालायला चाकांचं अंतर बदलणाऱ्या ताल्गो गाड्या वापराव्या लागल्या. आपल्याकडे तसं काही नाही.

अप_डाऊन

सुरतचा मुद्दा रास्त. त्याच धर्तीवर जालन्याचाही हिशेब करून टाकू, कारण कुणीतरी तो काढणारच. जालना–जळगाव नवा मार्ग (१७४ किमी) ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर झालाय आणि प्रस्तावित हायस्पीडचं एक स्टेशन जालन्याला आहे. मग जळगाव–जालना आणि पुढे हायस्पीड? सव्वादोन तास, बदलायला अर्धा तास, पुढे जालना–मुंबई पावणेदोन-दोन तास. साडेचार तासांवर गेलं. नाशिक–जळगावमार्गे धावणारी राजधानी आजच पाचेक तासांत थेट पोचवते. दुप्पट-तिप्पट भाडं देऊन अर्धा तास वाचवायला कोण गाडी बदलेल? तो मार्ग मराठवाड्याशी जोडण्यासाठी चांगला आहे, मुंबईसाठी नाही.

म्हणून जळगाव–भुसावळ–चाळीसगावसाठी जुन्या मार्गाचा वेग मागा. इगतपुरी–भुसावळ–बडनेरा पट्ट्यात ताशी १३० ची परवानगी आहे. तरी सरासरी खाली राहते, कारण एकाच रुळावर कोळशाची मालगाडी आणि एक्स्प्रेस दोन्ही धावतात. याचा थेट परिणाम वळणांवर होतो. ब्रॉडगेजवर वेग = ०.२७ × √(त्रिज्या × (कॅंट + तूट)). १,७५० मीटरचं, म्हणजे एक अंशाचं वळण घ्या. ६५ ने जाणाऱ्या मालगाडीला तिथे ३३ मिमी कॅंट पुरतो. त्यापेक्षा ७५ मिमी जास्तच चालतो, नाहीतर मालगाडी आतल्या रुळावर बसून तो झिजवते. म्हणजे कमाल कॅंट १०८ मिमी. तूट ७५ धरली तर एक्स्प्रेसला वेग मिळतो ताशी १५३ किमी. त्याच हिशेबाने १,००० मीटरच्या वळणावर १२३ च. मालगाड्या वेगळ्या रुळांवर गेल्या की कॅंट १६५ पर्यंत नेता येतो आणि त्याच १,७५० मीटरच्या वळणावर वेग ताशी १७५ पर्यंत जातो.

चौथी मार्गिका झाली की हे आपोआप होईल, असं समजू नका. मार्गिका टाकताना प्रवासी जोडी आणि माल जोडी असा वापर ठरला नाही, तर चारही रुळांवर मिसळ वाहतूक चालते आणि कॅंट पूर्वीचाच राहतो. निवेदनातली पहिली मागणी ही असावी: दोन रूळ प्रवासी गाड्यांसाठी राखीव, त्यावरचा कॅंट नव्याने ठरवावा, आणि दीड हजार मीटरपेक्षा कमी त्रिज्येची वळणं चौथ्या मार्गिकेच्या कामातच सरळ करावीत. त्याच कंत्राटात जमीन घेतली जाते, नंतर पुन्हा घ्यायला दशक जातं. इगतपुरी–जळगाव २८४ किमी. सरासरी ८५ वरून ११० झाली तर एकही नवं स्टेशन न बांधता ४५ मिनिटं वाचतात.

दुसरी मागणी मुंबईच्या टोकाची. कल्याण ते कसारा ६७ किमी लोकलबरोबर रूळ वाटून घ्यावा लागतो आणि घाटात चढताना बँकर (मागून ढकलणारं) इंजिन लागतं. राजधानीला २०१९ पासून दोन्ही टोकांना इंजिन लावून बँकरचा थांबा टाळलाय. इतर गाड्यांना तेच मागा. कल्याण–कसारा तिसरी मार्गिका पूर्ण करण्याचा आग्रह जळगावातून व्हायला हवा. आजवर तो फक्त शहापूर–आसनगावकडून होतो, हे मला नेहमी विचित्र वाटत आलंय.

आणि हायस्पीड मागायचंच असेल तर आकडे घेऊन मागा. भुसावळ विभागाच्या माहिती अधिकाऱ्यांकडे दहा रुपयांच्या अर्जात मागा: जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, पाचोरा स्थानकांवरून स्थानकनिहाय आरक्षित प्रवासी, वर्गनिहाय, महिनावार, तीन वर्षांचे, आणि प्रतीक्षा यादीत राहून रद्द झालेली तिकिटं वेगळी. "प्रवासी संख्या द्या" असं मोघम विचारलं तर एक बेरीज मिळेल, तिचा उपयोग नाही. रात्री सुटणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्स सलग सात दिवस गावनिहाय मोजा. माझा अंदाज असा की मोजल्यावर मुंबईइतकाच, कदाचित जास्त, ओघ पुण्याकडे निघेल. तसं असेल तर मुंबई–नागपूर मार्ग खान्देशाचा प्रश्नच सोडवत नाही, आणि हे आधीच कळलेलं बरं. केळीचे ट्रक मात्र मोजू नका. माल हायस्पीडने जात नाही.

त्रिज्या६०००

वळणांच्या मागणीला पूर्ण पाठिंबा, एक दुरुस्ती सुचवून. "दीड हजारपेक्षा कमी त्रिज्येची सगळी वळणं" असं लिहू नका. स्टेशनाच्या तोंडाशी असलेलं वळण सरळ करून काही मिळत नाही, तिथे गाडी तशीही हळू असते. वळणांची यादी किलोमीटर क्रमांकासह मागवा. ज्या वळणांच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा किलोमीटर सरळ रूळ आहे ती आधी धरा. तिथे गाडी ब्रेक लावून पुन्हा वेग घेते, मिनिटं तिथेच जातात.

आणि उन्हाचं कलम टाका. मे महिन्यात भुसावळला हवा ४५ अंशांवर जाते, रूळ त्याहून वीस अंशांनी जास्त तापतो. लांब जोडरूळ ज्या तापमानाला ताणमुक्त करून बसवतात ते चुकीचं धरलं किंवा काळ्या मातीवरच्या भरावातून खडी सरकली, तर दुपारी रूळ बाजूला फुगायचा धोका असतो आणि वेगमर्यादा लागते. वेळापत्रकात १३० लिहिलेलं असूनही उन्हाळ्यात गाडी मागे पडण्याचं हे एक कारण आहे. नव्या मार्गिकेच्या भरावावर ब्लँकेटिंगचा थर (खडीखाली मातीवर टाकतात तो) पूर्ण जाडीचा पडतोय का, याची तपासणी बांधकाम चालू असतानाच करता येते. रूळ पडल्यावर तो थर पाहायला मिळत नाही.

तितूरकाठ (चाळीसगाव)

मसुदा नव्याने लिहायला घेतलाय. पहिलं पान चौथ्या मार्गिकेचं, हायस्पीड परिशिष्टात. नंदुरबारच्या मंडळींना चलथाणचा भाग वेगळ्या पत्रात द्यायला सांगितलंय, ते पश्चिम रेल्वेकडे जाईल. माहिती अधिकाराचा अर्ज उद्या टाकतो, स्थानकांत कजगाव आणि म्हसावदही जोडू का?

अप_डाऊन

जोडा, पण अर्ज दोन करा. मोठ्या स्थानकांचा एक, लहान स्थानकांचा दुसरा. लहान ठिकाणी बहुतेक तिकिटं अनारक्षित असतात, ती माहिती वेगळ्या प्रणालीतून काढावी लागते. एकाच अर्जात टाकलं तर तिच्यासाठी सगळाच अर्ज रखडेल.